फ्रेंच सिनेमातली म्हातारी माणसे

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या ज्येष्ठांच्या मोआदोनमध्ये ‘आमूर’ हा फ्रेंच सिनेमा दाखवला. सुरू झाला तेव्हा सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. मध्ये चहासाठी दिवे लावले तेव्हा अर्ध्या रिकाम्या होत्या. चहाच्या टेबलाशी एक बाई आम्हांला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “घरी हेच चाललंय. ते बघायला इथं कशाला यायचं?” दुसऱ्या आठवड्यात ठरले की यापुढे मोआदोनमध्ये फक्त जुने हिंदी सिनेमे लावायचे, गाणी असलेले. ‘आमूर’ आम्ही सुचवला होता, त्यामुळे बोल आम्हांलाच लागला. त्या बाईंचा आम्हांला राग नाही. त्यांचे यजमान चार वर्षे अंथरुणाला खिळलेले आहेत. पण त्यांच्या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि चहा हातात घेऊन देण्यासारखे ते उत्तरही नव्हते. म्हणून हे लिहीत आहोत.

आपल्या लोकांना सिनेमाचे वावडे कधीच नव्हते. १९३१ सालचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ ज्यांच्या नाटकावरून झाला ते जोसेफ डेव्हिड पेणकर आपलेच, आणि ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा म्हणजे आपले डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईत दर शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा, आणि शब्बाथ सुरू होण्याआधी दुपारचा खेळ उरकून घरी पळणारे आमच्या पिढीत कमी नव्हते. पण त्या सिनेमांत म्हातारी माणसे काय करीत? खोकत, आशीर्वाद देत, मुलाच्या मांडीवर डोके ठेवून मरत. गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी असे. ‘आमूर’मध्ये दोघे म्हातारेच गोष्ट आहेत, दोन तासांहून थोड्या अधिक वेळातले जवळजवळ प्रत्येक मिनिट त्यांचे आहे, आणि सुरुवातीचा एक प्रसंग सोडला तर आपण त्यांच्या घराबाहेर पडतच नाही. असल्या सिनेमाला पैसे कोण देतो, हा प्रश्न आम्हांला पहिल्यांदा पडला. तेव्हा आधी तेच सांगतो.

फ्रान्समध्ये सिनेमाच्या प्रत्येक तिकिटातून १०.७२ टक्के रक्कम बाजूला काढली जाते. तिकिटावरच्या कराची ही पद्धत १९४८ पासून चालत आली आहे. हा पैसा १९४६ साली स्थापन झालेल्या सिनेमाच्या राष्ट्रीय केंद्राकडे जातो आणि तिथून पुढच्या सिनेमांना मिळतो. टीव्हीच्या वाहिन्यांनाही यात भर घालावी लागते. म्हणजे अमेरिकन मोटारींची आदळआपट पाहायला गेलेला पोरगासुद्धा, त्याला पत्ता नसताना, कुठल्या तरी शांत फ्रेंच सिनेमासाठी चार पैसे ठेवून येतो. शिवाय १९५९ पासून आगाऊ रकमेची सोय आहे. एक समिती नुसती पटकथा वाचून पैसे देते, सिनेमा चालला तर ते परत करायचे. आपल्या बायका चाळीत भिशी लावीत तसाच हा प्रकार आहे: सगळ्यांनी टाकायचे आणि ज्याची पाळी येईल त्याने उचलायचे. या भिशीत परक्यालाही जागा आहे. रोनित आणि श्लोमी एल्काबेत्झ या भावंडांचा २०१४ सालचा ‘गेट’ पाहिलेले आपल्यात पुष्कळ असतील. तोही इस्रायल, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या पैशातून उभा राहिला होता.

‘आमूर’चे दिग्दर्शक मिखाएल हानेके ऑस्ट्रियाचे, जन्म म्यूनिकचा, सिनेमाची भाषा फ्रेंच, आणि पैसा फ्रान्स, जर्मनी व ऑस्ट्रिया अशा तीन देशांचा. २०१२ च्या मे महिन्यात त्याला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि पुढच्या वर्षी परदेशी भाषेतल्या सिनेमाचे ऑस्कर मिळाले ते ऑस्ट्रियाच्या नावावर. बोलायचे एका भाषेत आणि कागदपत्रे दुसऱ्या देशाची, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. फ्रान्सच्या बाजूने निर्मितीचा भार मार्गारेट मेनेगोझ या बाईंच्या ‘ले फिल्म द्यु लोझांज’ या जुन्या संस्थेने उचलला, आणि फ्रान्समधल्या चित्रपटगृहांत तो लावण्याचे कामही तिनेच केले. ज्याने भांडे घडवले त्यानेच ते बाजारात नेऊन विकले. हानेकेंच्या आधीच्या ‘द व्हाइट रिबन’लाही २००९ साली कानला हेच पारितोषिक मिळाले होते, म्हणून त्यांच्यावर विश्वास टाकणे सोपे गेले असेल. तरीही ऐंशी ओलांडलेल्या दोन नटांवर एवढा पैसा लावणे म्हणजे हिंमतच.

ते दोन नट म्हणजे जाँ-लुई त्रँतिन्याँ आणि एमान्युएल रिव्हा. त्रँतिन्याँ सिनेमा सोडून नाटकात रमले होते. हानेकेंनी जॉर्जची भूमिका त्यांना डोळ्यासमोर ठेवूनच लिहिली. रिव्हाबाई १९५९ सालच्या ‘हिरोशिमा मोनामूर’च्या नायिका. ‘आमूर’साठी ऑस्करच्या उत्तम अभिनेत्रीच्या यादीत त्यांचे नाव आले तेव्हा त्या ८५ वर्षांच्या होत्या. त्या यादीत एवढ्या वयाची बाई त्याआधी कधी आली नव्हती. समारंभ झाला तो त्यांच्या ८६ व्या वाढदिवशी. पारितोषिक एका तरुण नटीला मिळाले. त्यानंतर रिव्हाबाई २०१७ साली गेल्या आणि त्रँतिन्याँ २०२२ साली.

गोष्ट थोडी आहे. जॉर्ज आणि आन हे निवृत्त संगीतशिक्षक. पॅरिसमध्ये मोठा जुना फ्लॅट, भिंतभर पुस्तके, मोठा पियानो. एके सकाळी नाश्त्याच्या टेबलावर आन बोलता बोलता थांबते. डोळे उघडे, पण समोर कुणी नाही. जॉर्ज ओला फडका तिच्या मानेला लावतो. नळ तसाच चालू ठेवून तो कपडे करायला आतल्या खोलीत जातो, आणि तिथे त्याच्या कानाला कळते की नळ बंद झाला. परत येतो तो आन ठणठणीत, वर त्यालाच विचारते की पाणी वाहते कशाला ठेवलेस. मग शस्त्रक्रिया होते, ती फसते, आणि उजवे अंग लुळे पडते. ती त्याच्याकडून एकच वचन घेते: मला परत इस्पितळात न्यायचे नाही. पुढचा सगळा सिनेमा या वचनाचा आहे.

तो फ्लॅट खरा नाही. हानेकेंनी आपल्या आईवडिलांच्या व्हिएन्नातल्या घराचा नकाशा घेऊन तो स्टुडिओत उभा करवला. म्हणूनच असेल, या घरात कुठून कुठे जायला किती पावले लागतात ते आपल्याला अर्ध्या तासात पाठ होते. पलंगापासून संडासापर्यंतचे अंतर आजाऱ्याच्या घरात सगळ्यात मोठे असते, आणि हा सिनेमा ते अंतर न कापता दाखवतो. पार्श्वसंगीत नावाला नाही. जे संगीत आहे ते कुणीतरी वाजवते किंवा यंत्रावर लावते, आणि बहुतेक वेळा अर्ध्यावर बंद करते.

आता भाषेबद्दल, कारण आमच्या मोआदोनमध्ये खरी अडचण तिथे होती. आपल्यातले बरेचजण तिशी-चाळिशीत इस्रायलला आले. उल्पानमध्ये शिकलेल्या हिब्रूवर बाजार होतो, बँक होते, नातवंडांना रागावताही येते. पण पडद्याच्या तळाशी येणारी, खाली मात्रा नसलेली हिब्रू अक्षरे वाचून होईपर्यंत ती पळालेली असतात. वर फ्रेंच, खाली हिब्रू, आणि शेजारून कुणीतरी मराठीत सांगतोय, त्याला मागचा कुणीतरी गप्प बसवतोय. पहिला अर्धा तास असाच गेला. उठून जाणाऱ्यांतले काही निव्वळ या कटकटीने गेले असावेत.

पण पुढे आनचीच भाषा जाते. आधी शब्द उलटसुलट होतात, मग तुटतात, आणि शेवटी एकच शब्द उरतो: ‘माल’. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ दुखतंय. पुन्हा पुन्हा, रात्रंदिवस, ‘माल, माल’. तिची परिचारिका जॉर्जला सांगते की त्याकडे फारसे लक्ष देऊ नका, सवयीने म्हणतात. इथे आमच्या मोआदोनमधली मराठी कुजबुज थांबली. खालची अक्षरे कुणी वाचत नव्हते. कुपत खोलिममध्ये आपण सगळ्यात आधी शिकलो तो शब्दही हाच होता: कोएव्ह. अर्धा सिनेमा आम्ही इतरांच्या मागे धापा टाकत पळत होतो, आणि मग सिनेमाच आमच्यापाशी येऊन थांबला. पॅरिसच्या प्रेक्षकाला आमच्याहून जास्त काही कळत असेल असे तेव्हा वाटले नाही.

या सिनेमाबद्दल लिहिणारे बहुतेक शेवटच्या उशीबद्दल लिहितात. आमच्या मते त्याचे मर्म एका थपडेत आहे. आन खात नाही, पीत नाही. जॉर्ज तोटीच्या पेल्याने तिला पाणी पाजतो आहे. समजावतो, विनवतो, धाक घालतो. ती पाणी तोंडात धरून ठेवते आणि मग थुंकून टाकते. तो तिच्या गालावर थप्पड मारतो. लगेच क्षमा मागतो. त्यानंतर हानेके काय दाखवतात? त्या घराच्या भिंतींवरची निसर्गचित्रे, एकामागून एक, पडदाभर. झाडे, आभाळ, लांबची माणसे. ना रडणे, ना संगीत. घरात हे घडले आणि भिंतीवरची चित्रे तशीच आहेत, एवढेच. प्रेम असताना हात उठतो, आणि उठला म्हणून प्रेम नव्हते असे होत नाही, हे इतक्या थोडक्यात सांगितलेले आम्ही दुसरीकडे पाहिलेले नाही. आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला आपल्याकडे ‘पुण्य लागेल’ म्हणतात. त्याला रात्री तीन वाजता काय होते ते कुणी विचारत नाही. त्या दिवशी हॉलमध्ये उरलेल्यांत तीन पुरुष असे होते जे घरी बायकोचे सगळे करतात. थपडेच्या वेळी त्यांतले एक गृहस्थ चष्मा काढून पुसत बसले ते बराच वेळ.

दुसरा प्रसंग मेतापेलेतचा. जॉर्ज मदतीला दुसरी परिचारिका ठेवतो. ती आनचे केस असे विंचरते की डोके मागे ओढले जाते, आणि वर आरसा तिच्या तोंडासमोर धरते. आनला आरसा नको असतो, ते सांगायला तोंड नसते. जॉर्ज तिला पैसे देऊन काढून टाकतो. ती चिडते, आपण काय चुकलो हे तिला कळतच नाही. तिला तो सांगतो की तुझ्यावरही एक दिवस अशी वेळ यावी, आणि तुलाही तोंड उघडता येऊ नये. हा शाप ऐकून आमच्याकडे एकदोघांनी मान डोलावली. आम्हांला मात्र हा प्रसंग थोडा एकतर्फी वाटला. आपल्या घरांत येणाऱ्या मुली फिलिपाइन्सच्या, नेपाळच्या, भारतातूनही आलेल्या. त्यांची आई कुठे तरी दुसऱ्याच कुणाच्या भरवशावर असते. हानेके जॉर्जच्या हातातला राग जेवढ्या बारकाईने पाहतात तेवढे त्या मुलीकडे पाहत नाहीत. तिला दोन मिनिटांत दाराबाहेर काढतात.

आणि मुलगी? एव्हा येते, इझाबेल ह्युपेर फार चांगले काम करतात. बोलता न येणाऱ्या आईच्या उशाशी बसून ती घरांच्या किमती आणि व्याजाचे दर यांबद्दल बोलत राहते. हे हसण्यासारखे आहे, पण दुसरे काय बोलणार? पुढे काय होणार असे ती बापाला विचारते, तेव्हा तो सांगतो की आजवर झाले तेच होईल, दिवसेंदिवस वाईट होत जाईल आणि एक दिवस संपेल. एकदा तर तो आनच्या खोलीला कुलूप लावून ठेवतो, मुलीने पाहू नये म्हणून.

शेवट सांगितल्यावाचून गत्यंतर नाही, कारण चर्चा त्यावरच झाली. आन ‘माल, माल’ करते आहे. जॉर्ज तिचा हात कुरवाळत आपल्या लहानपणाची एक गोष्ट सांगतो, ती हळूहळू शांत होते, आणि तो उशी उचलतो. आमच्यातले एक काका, सभास्थानात वर्षानुवर्षे हज्जानाचे काम केलेले, स्पष्ट म्हणाले की आपल्या धर्मात हे चालत नाही, आणि सिनेमावाल्यांनी ते सुंदर करून दाखवू नये. पहिले म्हणणे आम्हांला मान्य आहे. दुसरे नाही, कारण ते सुंदर नाही. तिचे पाय किती वेळ हलतात ते पाहावे. आणि नंतर जॉर्जला सुटका मिळत नाही. तो फुले आणून त्यांचे देठ कापतो, खोलीचे दार फटी बुजवून बंद करतो, आणि त्या घरात एकटा पत्र लिहीत बसतो. सिनेमा हे योग्य म्हणत नाही. दोन माणसांनी दार आतून बंद करून घेतले तर कुठवर जाता येते, ते दाखवतो.

आमची तक्रार आहे ती या बंद दाराबद्दलच. घरात खिडकीतून एक कबूतर दोनदा येते. माणसे त्याहून फारशी जास्त येत नाहीत. इमारतीचा रखवालदार आणि त्याची बायको सामान आणून देतात, एक जुना विद्यार्थी भेटून जातो. बाकी कुणी नाही. जॉर्जच तसे ठरवतो, हे खरे. पण आनच्या पन्नास-साठ वर्षांच्या आयुष्यातली एकही मैत्रीण दार वाजवीत नाही, हे आम्हांला हानेकेंनी आपल्या सोयीसाठी केले असे वाटले. आपल्याकडे असे होत नाही, असे आम्ही लिहिणार होतो. मग हिशेब केला की आमच्याच जिन्यातल्या एका आजारी बाईंकडे आम्ही शेवटचे कधी गेलो. ते वाक्य गाळले.

दुसरा सिनेमा ‘द फादर’. हा आम्ही मोआदोनच्या बंदीनंतर एका घरी सात-आठजणांनी मिळून पाहिला. याची जन्मकथा मोठी सांगण्यासारखी आहे. फ्लोरिआँ झेलेर या तरुण फ्रेंच नाटककाराचे ‘ल पेर’ हे नाटक २०१२ साली पॅरिसमध्ये आले. विसर पडत चाललेला बाप आणि त्याची मुलगी. २०१५ साली त्यावरून ‘फ्लोरिद’ हा फ्रेंच सिनेमा निघाला, त्यात जाँ रोशफोर हे फ्रान्सचे लाडके वृद्ध नट होते. फ्रान्सबाहेर त्याची फारशी वाच्यता झाली नाही. मग झेलेरनी स्वतः दिग्दर्शन करून तेच नाटक इंग्रजीत घेतले, कारण त्यांना अँथनी हॉपकिन्स हवे होते. पात्राचे नाव अँथनी ठेवले आणि जन्मतारीखही नटाचीच दिली, ३१ डिसेंबर १९३७. पैसा ब्रिटन आणि फ्रान्सचा. हॉपकिन्सना ८३ व्या वर्षी ऑस्कर मिळाले, झेलेरना पटकथेचे. एकच नाटक, एकाच देशातले. एक सिनेमा घरातच राहिला आणि दुसरा जगभर गेला, तो मुख्यतः भाषेमुळे.

त्याच भाषेमुळे तो आमच्या मंडळींनाही सोपा गेला. मुंबईत शाळेत शिकलेले इंग्रजी हिब्रूइतके गंजलेले नाही. दीड तासात संपतो, हेही बरे. यात म्हाताऱ्याला जे दिसते तेच आपल्याला दिसते: घरातले सामान बदलते, मुलगी एकदा एक बाई असते आणि एकदा दुसरीच. तरुण प्रेक्षक कोड्यात पडतो आणि कोडे सुटल्यावर रडतो. आम्ही कोड्यात पडलो नाही. घड्याळ स्वतः लपवून ठेवायचे आणि कामवालीने चोरले म्हणायचे, हे पाहिल्याबरोबर तिघींनी एकमेकींकडे पाहिले. कुणाकडे घड्याळ, कुणाकडे बांगड्या. मुलगी पॅरिसला राहायला जाणार म्हटल्यावर बाप कुरकुरतो की तिथे तर इंग्रजीही बोलत नाहीत. त्यावर आम्ही मोठ्याने हसलो. आपल्यालाही आईबापांनी असेच काहीतरी म्हटले होते, आणि आता आपण मुलांना म्हणतो. हॉपकिन्सचे काम थोर आहे. पण सिनेमा थोडा जास्त हुशार आहे. शेवटी आपल्याला रडवायचे हे त्याने आधीपासून ठरवलेले असते, आणि तो रडवतो. ‘आमूर’ पाहून आमच्यात कुणी रडले नाही. घरी गेल्यावर दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोलले नाही, हे मात्र एकीकडून कळले.

राहता राहिले हे सिनेमे पाहायचे कुठे. फ्रान्समध्ये नवा सिनेमा बुधवारी लागतो. पडदे देशभर सहा हजारांवर आहेत, अगदी लहान गावांतूनही, आणि एकदा लागला की तो घरी पाहायला मिळायला साधारणपणे चार महिने थांबावे लागते असा नियम आहे. अंथरुणावरच्या माणसाला हे जाचक आहे. पण याच नियमाने तिथली चित्रपटगृहे तगली आहेत. तिथे तिकीट काढून जाणाऱ्यांत पन्नाशीच्या पुढची मंडळी भरपूर असतात, आठवड्यातल्या दुपारच्या खेळांना तर तीच. म्हाताऱ्यांवर सिनेमे निघतात याचे हेही एक कारण आहे: बघायला म्हातारे येतात. आपल्याकडे असे सिनेमे तेल अवीव, येरुशलेम, हैफाच्या सिनेमाथेकमध्ये लागतात, आणि आमच्या गावाहून तिथे रात्रीच्या खेळाला गेले तर परतीची बस नसते. म्हणून मोआदोनमधला तो पडदा आमच्यासाठी महत्त्वाचा. चहाच्या टेबलाशी बोलणाऱ्या त्या बाईंना आम्ही एवढेच सांगू: तुमच्या घरी जे चालले आहे ते तुम्ही चार वर्षे एकट्या पाहता आहात. त्या दिवशी ते पाहायला तुमच्या बाजूला आम्ही तीस माणसे होतो.

समितीला आम्ही लेखी विनंती केली आहे की महिन्यातून एक सकाळ अशा सिनेमांसाठी ठेवावी, ज्यांना नको त्यांनी येऊ नये, आणि हिब्रू अक्षरे मोठी असलेली प्रत मिळवावी. उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान रोशफोर यांचा ‘फ्लोरिद’ आम्हांला इथे कुठेच मिळाला नाही. वाचकांपैकी कुणाची मुले-नातवंडे फ्रान्सला जाऊन-येऊन असतील आणि पेसाखच्या सुट्टीत इकडे येताना त्याची डीव्हीडी घेऊन येऊ शकत असतील, तर मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. पैसे आम्ही देऊ. फ्रेंच समजणाऱ्या एक मोरोक्कन शेजारीण सोबत बसायला तयार आहेत.